बंडी उलाळ होते तो बिंदू

“गुरुजीनं त्या पोरीले पेपर दाखोला, सरानं दोघायलेही पकडलं, अन् मंग म्हाताऱ्याचं वय पाहून सोडून देल्लं.”

हे वाक्य माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याचे आहे. एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षे शिकवले. त्यांनी विज्ञान, मी मराठी. बोरी अरबच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेता घेता त्यांनी ते एका पालकाला ऐकवले, आणि त्या पालकाने दुसऱ्याच दिवशी आपली मुलगी शिकवणीतून काढून घेतली. ती शिकवणी जिची, तीच या वाक्यातली ‘पोरगी’. ती आता बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तालुक्याच्या गावी वडिलांच्या गॅरेजवर एक खोली आहे, तिथे ती सकाळी अकरावी-बारावीच्या मुलामुलींना भौतिकशास्त्र शिकवते. पहिल्या मुलीपाठोपाठ आणखी दोघी गेल्या. कॉपी करून पास झालेल्या मुलीकडे आपली मुलगी कोण पाठवील, असा साधा हिशेब. वाक्यातला ‘म्हातारा’ मी. माझे वय बहात्तर आहे, तेव्हा त्या शब्दाला माझी हरकत नाही. उरलेल्या प्रत्येक शब्दाला आहे, आणि ‘वय पाहून’ या दोन शब्दांना तर फारच आहे.

ती आणि मी कॉलेजात एकाच वर्गात; त्या वर्गात याच प्रसंगाची नेमकी उलटी कथा सांगितली जाते. तिच्यात पेपर दाखवणारी मुलगी असते आणि उतरवणारा मी. या दोन कथांच्या कर्त्यांची एकदा गाठ पडली असती, तर त्यांनी आपसांत काहीतरी ठरवून घेतले असते आणि मला एकाच खोट्याचे खंडन करावे लागले असते.

मी कॉलेजात काय करत होतो, हे आधी सांगतो. शाळेत असताना एकदा शिक्षकांच्या खोलीत या सहकाऱ्यांनी सर्वांसमोर म्हटले होते, “मराठीच्या मानसानं झोक्यावर कविता करावं. झोका वापस कायले येते, हे त्याले सात जन्मात समजत नाही.” सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर मला खरोखरच येत नव्हते. आजच्या बारावीच्या तोडीची परीक्षा मी विज्ञान घेऊन उत्तीर्ण झालो होतो. पुढे अध्यापनाकडे वळलो आणि ती वाट तिथेच बंद झाली. निवृत्तीनंतर बारा वर्षे ते वाक्य माझ्याबरोबर रोज सकाळी फिरायला येत राहिले. अखेर वयाच्या सत्तराव्या वर्षी मी पिवळी पडलेली गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिलो. खिडकीमागच्या बाबूंनी अर्ज पाहिला आणि विद्यार्थ्याला घेऊन या, त्याची सही लागते, असे सांगितले. मी खिशातून पेन काढून सही केली. त्यांनी सही पाहिली, मला पाहिले आणि खिडकीची झडप अर्धी लावून आत कोणालातरी विचारायला गेले.

पहिल्या सत्रात यांत्रिकी होती. पहिल्याच गणिताशी माझे भांडण झाले. पुस्तकात एक ठोकळा होता, एक उतार होता, आणि उताराचा पृष्ठभाग पूर्णपणे घर्षणरहित आहे असे लिहिले होते. मी उभा राहून म्हणालो की असा पृष्ठभाग मी सत्तर वर्षांत पाहिलेला नाही. असत्य विधानावर उभारलेल्या प्रश्नाचे सत्य उत्तर कसे निघेल? वर्ग खुश झाला. आमचे सर पस्तिशीचे. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा लहान. ते जराही चिडले नाहीत. म्हणाले, “गुरुजी, मराठीत आपण ‘समजा’ म्हणतो ना, तेवढंच आहे.”

मी खाली बसलो. उभ्या आयुष्यात मी ‘समजा’ हा शब्द हजारो वेळा फळ्यावर लिहिला असेन, पण त्याच्यावर एवढे मोठे शास्त्र उभे राहू शकते हे मला कधी दिसले नव्हते. समजा घर्षण नाही. समजा दोरीला वजन नाही. समजा फळी एकसमान आहे. जगातला सगळा कचरा एका क्रियापदाने झाडून काढायचा आणि जे उरेल त्याच्याकडे नीट पाहायचे. त्या दिवशी घरी परतताना एसटीने प्रत्येक थांब्यावर ब्रेक मारला की मी माझ्या शरीराचे पुढे झुकणे तपासत होतो. शेजारच्या बाईंनी मला बरे वाटत नसावे असे समजून खिडकीची जागा दिली.

पुढच्या आठवड्यात तर मला वेडच लागायचे बाकी राहिले. सरांनी वस्तू सुटी काढून दाखवायची रीत शिकवली. ठोकळा उतारावरून उचलायचा, कोऱ्या जागेत एकटा ठेवायचा, आणि त्याच्यावर कोण कोण अंमल चालवते ते बाणांनी दाखवायचे: पृथ्वी खाली ओढते, उतार त्याच्याशी काटकोनात ढकलतो, दोरी वर खेचते. बास. बाकीचे जग पुसून टाकायचे. मी वहीकडे पाहतच राहिलो. हे तर मी चाळीस वर्षे शिकवत आलो होतो. शब्द वाक्यातून सुटा काढायचा, त्याचे व्याकरण चालवायचे: विभक्ती कोणती, वचन कोणते, कोणत्या क्रियापदाशी संबंध. न्यूटनसाहेबांनी ठोकळ्याचे व्याकरण चालवले होते. हे मी सरांना तासानंतर सांगितले तेव्हा त्यांनी हसून मान डोलावली. पण त्यांना कळले नसावे, कारण त्यांच्या पिढीला व्याकरण चालवायला लावलेलेच नाही.

मुलीशी माझी ओळख बैलामुळे झाली. बैल बंडीला जेवढ्या बलाने ओढतो, तेवढ्याच बलाने बंडी बैलाला मागे ओढते, हे तिसऱ्या नियमात आले, आणि मी पुन्हा उभा राहिलो. असे असेल तर बंडी जागची हलणार नाही. पण ती हलते. आमच्या घरची साठ वर्षे हलली. सरांनी समजावले ते मला पटले नाही. मी दोन दिवस जेवताना, झोपताना, दाढी करताना बैल ओढत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसची वाट पाहत बसलो असता, दोन पायऱ्या खाली बसलेली एक मुलगी मागे न वळताच म्हणाली, “गुरुजी, तुमी बैलाकडे अन् बंडीकडेच पाहून राह्यले. बैलाच्या पायाखालची जमीन तं धरलीच नाही तुमी.”

वर्गात ती सर्वांत कमी बोलणारी. वडील मोटार मेकॅनिक. ती गणिते सोडवायची ती गॅरेजच्या जुन्या पावतीबुकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात, एका पावतीवर एक. मी तिच्याकडून पेन्सिल घेतली, बैल सुटा काढला, त्याच्या खुराखाली बाण काढला: बैल जमिनीला मागे ढकलतो, जमीन बैलाला पुढे. आणि तो एकच बाण काढताच बंडी चालू लागली. मी चाळीस वर्षे वर्गात प्रमाण मराठी बोललो. त्या क्षणी मात्र तोंडातून घरचीच बोली निघाली: “अवो, हे तं लयच सोपं होतं नं बेटा.” ती म्हणाली, “सोपं नव्हतं. मले बी दोन दिवस लागले.”

त्यानंतर आमची शाळा त्या पायरीवर भरू लागली. प्रात्यक्षिक संपल्यापासून अडीचची बस येईपर्यंत सुमारे एक तास मिळे. मी मोठ्याने वाद घालत असे, ती खाली मान घालून सोडवत असे, आणि शेवटी आमची उत्तरे जुळली की ती पावती फाडून मला देत असे. माझ्या घरी त्या पावत्यांची एक दोऱ्यात ओवलेली माळ आहे. दहापैकी सहा वेळा आधी तिचे उत्तर येई. तीन वेळा माझे. दहाव्या वेळी दोघेही चुकत असू आणि पुस्तकाच्या मागे पाहण्यावरून भांडत असू. ती पाहू देत नसे.

बलाचे आघूर्ण, म्हणजे बल एखाद्या वस्तूला एखाद्या बिंदूभोवती किती फिरवू पाहते ते, हा धडा आला तेव्हा वर्गातली निम्मी मुले गळाली. आमचे दोघांचे मात्र घरचेच कार्य होते. तिला ते चाकाच्या नटावरून कळले: नट निघेना की तिचे वडील पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घालतात आणि मग एकट्या हाताने नट फिरवतात. मला ते कापसाच्या बंडीवरून कळले. बंडी भरताना भार कण्याच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या आसाच्या, पुढे जास्त झाला तर ती धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते. भार मागे जास्त झाला तर ती उलाळ होते: मागचा भाग खाली, पुढची दांडी म्हणजे धुरा वर, आणि बैलांच्या गळ्याला फास. भरणारा चांगला असेल तर त्याला तराजू लागत नाही. जुवाला हात लावून तो सांगतो, अजून दोन गाठोडी मागे चालतील.

‘उलाळ’ हा शब्द तिने ऐकला नव्हता. मी समजावला. तिने विचारले, “ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मांगं लय माल टाकला का हूक वर उठते. तेच नं?”

तेच, मी म्हणालो.

“मंग त्याले एवढं लंबं नाव कायले? आपण उलाळच म्हणू.”

तेव्हापासून आमच्या पावत्यांवर, इंग्रजी वाक्यांच्या मधोमध, देवनागरीत तो एक शब्द येऊ लागला. पुढचा सगळा गोंधळ त्या शब्दामुळे झाला.

अंतर्गत परीक्षा वीस गुणांची होती. ती माझ्या मागच्या बाकावर, एक जागा डावीकडे बसली होती. माझा पेपर तिला दिसू शकला असता, हे मी नाकारत नाही. शेवटचा प्रश्न असा होता: सहा मीटर लांबीची, चाळीस किलोची एकसमान फळी दोन आधारांवर आडवी ठेवली आहे. एक आधार फळीच्या एका टोकाखाली, दुसरा त्याच्यापासून चार मीटरवर; उरलेली दोन मीटर फळी मोकळी. पन्नास किलोचा माणूस मोकळ्या टोकाकडे चालत निघाला, तर दुसऱ्या आधारापलीकडे किती अंतर जाताच फळी उलटेल? आकृती दिलेली नव्हती.

मी प्रश्न वाचला आणि मला फळी दिसेचना. बंडी दिसली. दुसरा आधार म्हणजे कणा. टोकाचा आधार म्हणजे जू. माणूस म्हणजे मागे सरकत जाणारा भार. बंडी उलाळ कधी होणार? जू बैलांच्या मानेवरून उठेल तेव्हा, म्हणजे टोकाच्या आधारावरचा दाब शून्य होईल तेव्हा. फळीचा मध्य कण्यापासून एक मीटर, बैलांच्या बाजूला. चाळीस गुणिले एक बरोबर पन्नास गुणिले अज्ञात अंतर. ऐंशी सेंटिमीटर.

मी पुन्हा मागे जाऊन पायऱ्या तपासल्या, आणि तेव्हा ते घडले. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना गुरुत्वत्वरण होते. मी ते दोन्हीकडून खोडले. खोडले आणि पेन तसेच धरून बसलो. ते खोडले जाते याचा अर्थ पृथ्वीच खोडली जाते! बंडी चंद्रावर नेली, जिथे सगळ्याच वस्तू हलक्या होतात, तरी ती त्याच बिंदूला उलाळ होईल. ना एक बोट अलीकडे, ना एक बोट पलीकडे. माझ्या वडिलांनी, आजोबांनी जुवाला हात लावून जो बिंदू ओळखला, तो बिंदू चंद्रावरही तिथेच होता. मी मोठ्याने हसलो. पर्यवेक्षकांनी वर पाहिले, वर्गाने वर पाहिले. हसण्याची ही गोष्ट दोन्ही कथांमध्ये पुरावा म्हणून येते: म्हातारा मुलीला खूण करत होता, किंवा मुलीकडून खूण मिळाल्यावर हसला. सत्तराव्या वर्षी एखाद्या माणसाला समीकरणातून पृथ्वी नाहीशी होताना दिसू शकते, ही शक्यता कोणाच्याही मनात आली नाही.

चौथ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना विभागात बोलावले. टेबलावर दोन पेपर, एकावर एक. दोन्हींवर ‘उलाळ’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ. सर म्हणाले, “गुरुजी, साठ पेपरांत हा शब्द दोनच पेपरांत आहे. आणि या प्रश्नाचं उत्तरही फक्त याच दोघांचं बरोबर आहे. मी काय समजू?”

मी जे बोललो ते आज आठवले की लाज वाटते, कारण त्यातला मुद्दा बरोबर होता पण स्वर चुकला. मी म्हणालो की शब्द हा कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो, शिकवणे आणि उतरवू देणे यांतला फरक समजत नसेल तर अध्यापन सोडावे, आणि आणखी बरेच काही. शेजारच्या विभागातले दोन प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले. मी जितका ओरडलो तितका आमचा पक्ष दुबळा होत गेला. मुलगी इतका वेळ फरशीकडे पाहत होती. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “सर, मले दुसरं गणित द्या. आत्ताच. अन् गुरुजीले बाहेर पाठवा.”

मला बाहेर पाठवण्यात आले. पन्नास वर्षांत मला कोणी वर्गाबाहेर काढले नव्हते. व्हरांड्यात उभा राहून मी खडूचा आवाज ऐकत होतो. भिंतीला टेकलेली शिडी आणि तिच्यावर चढणारा माणूस, असे ते गणित होते, हे मला नंतर कळले. खडू मधे थांबला; मग पुन्हा चालू झाला, आणि या खेपेस न थांबता शेवटपर्यंत गेला. माझ्या वेळी सरांनी पृष्ठभागांचे घर्षण बदलून तेच गणित घातले. मीही सोडवले, तिच्यापेक्षा सहा मिनिटे जास्त घेऊन. सर “ठीक आहे” म्हणाले आणि दोघांचे गुण दोघांना दिले. वर्गात मात्र ते एक शब्दही बोलले नाहीत. आमच्या कथांना जन्म त्या मौनाने दिला. आम्ही आत शिडी सोडवली हे कोणी पाहिले नव्हते. म्हातारा ओरडला आणि गुण मिळाले, एवढेच सर्वांनी पाहिले.

मुलगी दुसऱ्या दिवसापासून पायरीवर आली नाही. वर्गातही तिने जागा बदलली; पहिल्या बाकाचा पार कोपरा. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, “आपण संग बसलो तं लोक म्हणतीन, पाहा, अजून चालूच हाय.” सत्राचा उरलेला भाग मी एकट्याने सोडवला. उत्तरे येत होती, पण उशिरा, आणि आलेले उत्तर कोणाच्या उत्तराशी जुळवायचे हे कळत नसे. झोका परत का येतो, हे मला एका संध्याकाळी एकट्यालाच उमगले. ते ओरडून सांगावे असे माणूस जवळ नव्हते.

गेल्या महिन्यात हॉटेलातले ते वाक्य आणि शिकवणीतून गेलेल्या तीन मुलींची बातमी माझ्यापर्यंत आली, तेव्हा मी थेट सहकाऱ्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो की चला, पेपरच पाहू. ते आनंदाने निघाले. जिंकायला निघालेल्या माणसासारखी त्यांनी इस्त्रीची पँट घातली. सुदैवाने सरांच्या कपाटात तो गठ्ठा अजून होता. त्यांनी दोन पेपर काढले, आणि पहिल्यांदाच ते एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवले. आम्ही तिघे वाकलो. शब्द तोच. उत्तर तेच. आणि दोन्ही कागदांवर, प्रश्नाच्या कोपऱ्यात, फळीऐवजी एकेक छोटी बंडी काढलेली, बैलांसकट. माझी मी काढल्याचेही मला आठवत नव्हते. सहकारी टेबलावर बोट आपटून म्हणाले, “हे पाहा. बंडीबी सेम.”

सर बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “मी तेव्हा शब्दाभोवती गोल काढला. चित्र पाहिलंच नाही.” सहकाऱ्यांनीही पुन्हा पाहिले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले, आणि जिना उतरताना म्हणाले, “तरीबी, काही तं असनच.” त्या ‘तरीबी’ला उत्तर म्हणून मी हे लिहितो आहे.

पेपर चोरून पाहणारा आधी चित्र उतरवतो, जसेच्या तसे, कारण दुरून तेवढेच दिसते, अक्षरे नंतर. आणि चित्राची दिशा ठरली की गणिताची चिन्हे ठरतात. घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरवणारे आघूर्ण अधिक आणि काट्यांच्या दिशेने फिरवणारे उणे, हा सरांनी घालून दिलेला नियम. माझ्या कागदावर माणसाच्या वजनाचे आघूर्ण अधिक आणि फळीचे उणे आहे. तिच्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माणसाचे उणे आणि फळीचे अधिक आहे, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. मुलगी पहिली चार वर्षे उर्दू शाळेत शिकली. कोऱ्या कागदावर तिचा हात अजूनही आपोआप उजवीकडून डावीकडे निघतो. माझ्या बंडीचे बैल उजवीकडे तोंड करून उभे आहेत. तिचे डावीकडे.